तेरावं पाऊल

टाच अंगठ्याला लावायची. मग दुसरी टाच.
फरशीच्या सांध्यावरून, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून.
ओंदु, एरडु, मूरु –
मुगळखोडबाई कन्नडात मोजतात,
आणि माझे पाय आता कन्नडातच चालतात.
मराठीत मोजलं की सातावर अडकतो;
सात आणि आठच्या मध्ये
कुणीतरी पाट सरकवून ठेवल्यासारखं.

पहिल्या महिन्यात उशी उचलायला वाकलो
आणि वडगाव माझ्याभोवती फिरलं,
अख्खं, बाजार गल्लीसकट.

निंगोजी म्हणतो, म्हैस आडवी आली.
बायको म्हणते, खड्डा.
हेल्मेट हँडलला लटकत होतं
यावर मात्र दोघांचं एकमत.
मला आठवतो फक्त ओल्या डांबराचा वास
आणि कुणाचातरी न थांबणारा हॉर्न.

"डोक्यातला धागा तुटला बघ,"
भेटायला आलेला सासरा म्हणाला.
मी काही बोललो नाही.
तुटलेला धागा मला कळतो की.
चालत्या मागावर, न बघता,
दोन बोटांत गाठ मारत आलोय
बत्तीस वर्षं.
हे तसलं नव्हे.
इथं कापड अख्खं आहे,
नक्षी तेवढी एक घर सरकलीय.

व्यायाम मला तालमीत शिकवलेला:
घाम जमिनीवर उमटेपर्यंत जोर,
मग आणखी दहा.
बाई उलटंच सांगतात.
डोकं ठणकायच्या आधी थांबायचं.
"आधी म्हणजे कधी?"
"ते तुम्हीच हुडकायचं, काका."
असला हिशेब कुणी शिकवला नव्हता.
अंगठा डोळ्यांसमोर धरून मान डावी-उजवी,
वीस वेळा;
अकरालाच कपाळात काहीतरी हलतं.
थांब.
एका पायावर उभं राहायचं,
पोरगी मोबाईलवर सेकंद मोजते,
तिला हसू येतं, मग येत नाही.
थांब.

संध्याकाळी गल्लीत चालायला सोडतात.
याच गल्लीत बापू पांजणी करायचे
पहाटे, उन्हं तापायच्या आत,
ताणा खांबाला बांधून, खळीचा कुंचा घेऊन
या टोकाचं त्या टोकाला.
त्यांनी कधी पावलं मोजली नाहीत.
सूत सुकलं की चालणं संपलं.
मी त्यांच्याच वाटेनं जातो, रिकाम्या हातानं.
"कुठं जाऊलास?"
"कुठं नाही. चालूलोय."
हे सांगताना आधी लाज वाटायची.

मागांचा आवाज तेवढा सोसत नाही.
ज्याच्यात झोपलो, जेवलो, भांडलो,
तो आता थेट दातांत येतो.
परशराम हट्टीकरच्या दारात जाऊन उभं राहतो,
घड्याळ बघत. हाही व्यायामच,
बाईंच्या कागदावर नसलेला.
पहिल्या दिवशी दोन मिनिटं.
गेल्या बुधवारी नऊ.
एकदा पंधरा झाली, पण तेव्हा वीज गेलेली,
ती धरत नाही.

आज बाई यायच्या नव्हत्या.
मीच मोजत होतो, मोठ्यानं,
टाचेला अंगठा, अंगठ्याला टाच.
हन्नेरडु.
काही फिरलं नाही. भिंत जागेवर.
कॅलेंडर, घड्याळ, खुंटीवरची पिशवी जागेवर.
तेरावं पाऊल उचललेलं होतं.
दुखत नव्हतं अजून;
नुसती चाहूल,
पायरीवर कुणी चप्पल काढावी तेवढी.
पाय खाली ठेवला, होता तिथंच.

बायकोनं आतून विचारलं, "जमलं?"
"जमलं."
"तेरा?"
"बारा."